रंधा मशीनवर फळीचं शेवटचं टोक खोल कापलं जातंय, टेबल कुठलं हलवू?

घाटकोपरचा_भुसा
मंडळी, माझ्याकडे जुनी ६ इंची रंधा मशीन आहे, जॉइंटर म्हणतात तीच, बिडाची टेबलं. मागच्या आठवड्यात ब्लेडं धार लावून परत बसवली आणि तेव्हापासून फळी सगळी छान येते पण शेवटच्या दोन इंचात खड्डा, नख फिरवलं की पायरी लागते. साग आहे हो, रे रोडवरून आणलेला, जीव जळतो. इनफीड टेबल, म्हणजे ब्लेडांच्या आधीचं, जिथून फळी आत जाते ते, वरखाली करून बघितलं, फरक शून्य. वर पावसामुळे टेबलांवर तांबूस डाग आलेत ते वेगळंच. बाजूचे म्हणतायत भंगारात घाल.

रंधेकाका
भंगारात कशाला घालतोस, मला दे. अरे इनफीड टेबल फक्त किती कापायचं ते ठरवतं, तुझा आजार आउटफीडमध्ये आहे, म्हणजे ब्लेडांच्या पुढच्या टेबलात. ब्लेडं जरा वर बसलीत आणि आउटफीड जुन्याच जागी, म्हणून फळीचं शेपूट इनफीडवरून सुटलं की फळी ब्लेडवर बसते. आउटफीड ब्लेडच्या सगळ्यात वरच्या टोकाशी एका पातळीत पाहिजे. नुसता स्विच बंद करू नको, प्लग काढ. सरळ पट्टी आउटफीडवर ठेव, थोडी ब्लेडवर येऊ दे, हेड, म्हणजे ब्लेडं बसवलेला गोल दांडा, हाताने फिरव. ब्लेडने पट्टी चाटून फार तर २-३ मिमी सरकवली पाहिजे. प्रत्येक ब्लेडच्या दोन्ही टोकांना बघ, ब्लेडंच आपसात सारखी नसतील तर आधी ती बसव, टेबल हलवून काही होणार नाही. आणि आउटफीड जास्त वर नेलंस तर फळी त्याच्या काठाला अडेल.

दारूखान्यातला
काका बरोबर, पण टेबल लॉक केल्यावर परत माप घे. जिबचे, म्हणजे टेबलाच्या सरकत्या खाचेतली ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे, स्क्रू ढिले असले की लॉक करताना टेबलाचं टोक खाली बसतं, मी दोन दिवस वेड्यासारखा ब्लेडंच लावत बसलो होतो. लांब पट्टी दोन्ही टेबलांवर टाक आणि खालून ०.०५ मिमीचं फिलर गेज, म्हणजे फट मापायची पातळ पत्री, जातंय का बघ. गेज नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात, मिळेल.

मेणबत्ती
डागांसाठी: बारीक पेपर आणि थिनर, हलक्या हाताने, मग पुसून मेण घासायचं. फळीपण सरकते मस्त. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका प्लीज, लाकडाला लागला की पॉलिशमध्ये डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात.

घाटकोपरचा_भुसा
अपडेट देतो. आधी माझी पट्टीच वाकडी निघाली 😭 प्लायवर रेघ मारली, पट्टी उलटी करून त्याच टोकांवर परत रेघ मारली तर मधे दोन रेघा वेगळ्या. दुसरी मागून आणली. तीनपैकी दोन ब्लेडं ठीक, तिसरं फेन्सच्या, म्हणजे फळी टेकवायच्या उभ्या पट्टीच्या, बाजूला वर, पट्टी चांगली ६ मिमी घेऊन जात होतं. ते खाली बसवलं, मग आउटफीड केसभर वर घेतलं, लॉक करून परत मापलं. तीन फुटी फळी काढली, खड्डा गायब. जिब बघितले, घट्टच आहेत. काका मशीन देत नाही सॉरी 😀 डाग उद्या, नऊ वाजले, वरच्या आजी भांडं आपटायला लागल्यात.