गोचीड लसणाला भितो म्हणे!

गोदाकाठ
कालपासून एक पोस्ट फिरायलीय: "कुत्र्या-मांजराच्या अंगावर विष कशाला ओतता? जेवणात रोज दोन पाकळ्या लसूण, अंगाला कापूर घातलेलं खोबरेल आणि वरून कडुनिंबाचं तेल. आठ दिवसांत गोचीड साफ." खाली शाबासक्यांची रांग. म्हणून जरा लांब लिहितो.

लसूण कांद्याच्याच भावकीतला. त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराच्या आणखी लवकर. थोडा दिला तर गोचिडाला फरक पडत नाही, आणि जास्त दिला तर फरक कुत्र्यालाच पडतो. कापूर त्याहून वाईट. कुत्रं अंग चाटणारच, आणि कापूर पोटात गेला की झटके येतात. राहिलं कडुनिंब. त्यातलं अझाडिरेक्टिन कात टाकण्याच्या कामात खोडा घालतं, म्हणजे पिलावळ वाढायची थांबते. पण रक्त पिऊन टम्म झालेल्या मादीला आता कातच टाकायची नसते. ती गळून पडते, फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. तुम्ही इकडं कुत्र्याला तेल चोळत बसा.

बालाघाट
लसूण-कापराचं मान्य. पण विषवाल्यांनी फार शहाणपण सांगू नये. कृषी सेवा केंद्रातून कपाशीवरचं सायपरमेथ्रिन २५ टक्के (किडीचं फवारणीचं औषध) आणून झाकणाच्या अंदाजानं कुत्र्यावर ओतायलेत लोक, ते कोण लिहिणार? पिकाच्या औषधातल्या द्रावकानंच कातडी भाजते. दुसरं, गुरांना टोचायचं जंत-गोचिडाचं औषध, आयव्हरमेक्टिन. १ टक्का म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. गुरांची मात्रा ५० किलोला १ मिली. तेच १ मिली १० किलोच्या कुत्र्याला टोचलं की सरळ पाचपट. कोली या विलायती जातीच्या रक्ताचं कुत्रं असेल तर उठतही नाही. वर कुत्र्याच्या गोचिडावर त्याचा म्हणावा तसा उपयोगही नाही.

कडुनिंब नीट करा ना. घाण्याचं तेल १० मिली, सौम्य साबण ३-४ मिली, दोन्ही वाटीभर कोमट पाण्यात घोटून दूध करायचं, मग १ लिटर पाणी. उन्हात अझाडिरेक्टिन टिकत नाही, म्हणून संध्याकाळी फवारायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. लोक नुसतं तेल थापतात, कातडी लाल होते, मग बोल कडुनिंबाला.

पाथरीकर
कृती बरोबर, पण पाणी कुठलं ते लिहा की राव. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, वर दह्यासारखा साका येतो आणि तेल वेगळं तरंगतं. पंपात भरलं की आधी नुसतं पाणी निघतं आणि तळाशी पोचेपर्यंत निव्वळ तेल. पहिल्या कुत्र्याला आंघोळ, शेवटच्याला भाजणं. पावसाचं पाणी घ्या, नाहीतर साबणाऐवजी रिठ्याचा काढा. रिठा जड पाण्यातही फेस देतो. फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका.

बालाघाट
रिठा चालेल. आणि आमच्याकडं सीताफळाच्या बियांना तोटा नाही. वाळवून कुटायच्या, फक्की लावायची. उवा-पिसवा जातात.

उदगीरी
जातात, आणि त्यासोबत डोळेही जातात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते, माणसाच्यासुद्धा. अंग झटकणाऱ्या कुत्र्याच्या पाठीवर ती फक्की टाकायची म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांशी खेळ. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे कुणी शिकवलं? तंबाखूचं पाणीही नैसर्गिकच आहे.

आता गोचिडाचं औषध. अमिट्राझ १२.५ टक्के, १ लिटरला २ मिली. मोजायला सुईशिवायची सिरिंज वापरा, झाकण नाही. हातमोजे घाला, ताजं कालवा, कुत्रं ओलं करून कान-बोटांच्या बेचक्यांपर्यंत लावा, धुऊ नका, सावलीत वाळू द्या. मधुमेह असलेल्या कुत्र्याला नाही, गाभण किंवा लहान पिलाला विचारल्याशिवाय नाही. मांजराला कधीच नाही. पर्मेथ्रिनवालं औषध तर मांजराच्या जवळही नको. कुत्र्याला लावलं असेल तर वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत.

पाथरीकर
आणि कुत्रं घरात परत आलं की पुन्हा तेच. तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा अंगावर चढतो आणि दरवेळी भिंतीत परत जातो. तोही खाली नाही, वर. चौकटीवर, छताच्या कडेला. उपाशी मोठा गोचीड वर्षभर तग धरतो. जुनं माळवद, दगड-मातीच्या भिंती, मधल्या फटी बोटभर. असल्या घरात अंगावरचं औषध म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. स्लॅब टाका, गिलावा करा, विषय संपला.

सोनपेठची
का बरं माळवदावर घसरलात? स्लॅबच्या घरात पलंगामागं, स्विचबोर्डाच्या चौकटीत, पंख्याच्या भोकात गोचीड सापडतात, ते दिसत नाहीत का? उन्हाळ्यात ज्या माळवदाखाली माणूस झोपू शकतो ते पाडून त्या भट्टीत जायचं, तेही गोचिडासाठी! फटी बुजवायला चुना-माती लागते, सिमेंट नाही.

पाथरीकर
पाडा असं कुठं म्हणलं? फटी आहेत एवढंच म्हणलं. तुळई आणि भिंत यांच्यामधली जागा कशानं बुजवणार, प्रेमानं?

सोनपेठची
चुन्यानं. आधी वाळलेली माती खरवडून काढायची, खरवडलेली जाळायची, अंगणात टाकायची नाही. मग चाळलेली पांढरी माती, भुसा, थोडा चुना असा घट्ट गिलावा आत कोंबायचा. वाळला की चिरा पडतात, त्या दुसऱ्या हातानं भरायच्या. लोक पहिल्याच हातावर थांबतात आणि "चुन्यानं काय होतंय" म्हणतात. वर चुन्याचे दोन हात. ओल्या चुन्यावर कुत्र्याला चालू देऊ नका, पंजे भाजतात. शेगडीची ज्योत फटीत फिरवायचा सल्लाही देतात काही जण. लाकडी तुळया असताना तो देणाऱ्याला नमस्कार.

गोदाकाठ
त्यात भर. चुन्याच्या बादलीतच डेल्टामेथ्रिन ओतायची पद्धत पडलीय. पैसे पाण्यात. डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं चुन्यासारख्या अल्कलीत विघटतात. अमिट्राझचं उलट, त्याला अल्कली मानवते. औषध वेगळं, चुना वेगळा, आणि आधी चुना वाळू द्यायचा.

बालाघाट
बरं, मग कोंबड्या? गोचीड टिपून खातात, विष नाही, खर्च नाही.

उदगीरी
खातात, खरंय. पण कोंबडीची चिकटी पिसू कुत्र्याच्या कानाच्या कडेला घट्ट बसते, ओढल्याशिवाय निघत नाही. आणि जानवळकडचं कारवानी जातीचं शिकारी कुत्रं पाळणाऱ्यानं कोंबड्या सोडल्या तर गोचिडाच्या आधी कोंबड्या संपतील.

सोनपेठची
पिसवांचं वेगळं बोला. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या उन्हात त्यांच्या अळ्या उघड्यावर तगत नाहीत, म्हणून उन्हाळ्यातल्या घरगुती उपायाला यश मिळतं आणि श्रेय कडुनिंब घेतं. आषाढ लागला की खरं काय ते कळतं. बारीक दातांची फणी, साबणाच्या पाण्यात बुडवत, आणि अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. कोषातली पिसू फवारणीला दाद देत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

बालाघाट
म्हणजे श्रेयही काढून घेतलं. ठीक. पण गोचिडावर फ्लुरालॅनरसारखी महागडी चघळायची गोळी मिळते, तीही सगळ्यांना चालत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, २०१८ मध्येच या गटातल्या औषधांबद्दल झटक्यांची सूचना दिली होती.

उदगीरी
दिली होती, आणि बरोबर दिली. झटक्यांचा इतिहास असलेल्या कुत्र्याला ती देऊ नका. बाकीच्यांना फ्लुरालॅनरची एक गोळी १२ आठवडे चालते. गोचीड चावला की मरतो, म्हणजे फटीतून येणारा प्रत्येक पाहुणा मारला जातो. आणि हातानं काढायचा असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पिळू नका, काडीनं जाळू नका, नखानं चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

बालाघाट
एवढं सगळं एकाच जागी आधी लिहिलं असतं तर त्या पोस्टला कुणी लाइक केलं नसतं. कडुनिंब फरशीवर आणि फटीत, कुत्र्यावर नाही, असंच ना?

उदगीरी
पातळ करून कुत्र्यावरही चालेल. मांजरावर नाही.

सोनपेठची
आणि पाथरीकरांनी स्विचबोर्ड खोलून बघावा. मेन स्विच बंद करून.