नोकरीतून मन उडालं, मालीचं संगीत सापडलं. हा आधार की पळवाट?

चांदणीचौक:
१४ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कामाची चव पार गेली आहे. ज्या कामासाठी दोन वर्षं शनिवार-रविवार घातले, ते क्लायंटने एका मीटिंगमध्ये गुंडाळलं. मॅनेजर म्हणाला, "पुढचं तिकीट उचला," म्हणजे यादीतलं पुढचं काम घ्या. नंतरचे कित्येक आठवडे हिंजवडीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून नुसता बसायचो. गाणंसुद्धा नकोसं झालं होतं.

मग एका सकाळी अली फार्का तुरे कानावर पडला. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या, नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचा गिटारवाला. शब्द एक कळत नाही. पण पाचच स्वर फिरून फिरून येतात. आपला धानी राग ऐकतोय असं वाटावं आणि तेवढ्यात एखादा स्वर भलतीकडे वळावा. वाकडच्या पुलाजवळ बस वीस मिनिटं अडकली होती आणि ती सुटूच नये असं वाटत होतं. त्यावरून तुमानी दियाबाते या वादकाचं कोरा हे वाद्य सापडलं. अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं कातडं, २१ तारा, आणि छेडायला दोन अंगठे, दोन तर्जन्या. बस्स.

माझं म्हणणं एवढंच: अर्थ नोकरीतच शोधत बसू नये. पगार तिथून घ्यावा, जीव दुसरीकडे लावावा.

रोखठोक:
स्पष्ट सांगतो, ही पळवाट आहे. सहा वर्षं मी रात्री गझला ऐकून सकाळी त्याच खुर्चीत जाऊन बसत होतो. गाण्यामुळे सोसवत गेलं, म्हणूनच सहा वर्षं गेली. नाहीतर दुसऱ्या महिन्यात राजीनामा दिला असता. आणि अली फार्काच म्हणाल, तर तो मालीच्या राजधानीत, बामाकोच्या रेडिओवर साउंड इंजिनिअर होता. ती नोकरी सोडून गावी शेती करायला गेला. तुम्ही त्याचं वाजवणं घेतलंत, त्याचा निर्णय घेतला नाहीत.

मोगरा:
राजीनामा द्या म्हणणं सोपं आहे हो. घराचा हप्ता, मुलांची फी, सासऱ्यांची औषधं असली की माणूस आधी उद्याचा दिवस काढायचं बघतो. तो काढायला गाण्याने बळ दिलं तर त्यात कमीपणा कसला?

हातोडी:
मी तबल्याची साथ करून घर चालवतो. तुम्ही ज्याला दुसरीकडे म्हणता, ते आमचं ऑफिस. रिसेप्शनला कोपऱ्यात वाजवत असताना "जरा हळू, फोटो चाललेत" ऐकलं की आम्हालाही उबग येतो. मागच्या पावसाळ्यात तर तबल्याची खोळ काढावीशी वाटेना. तेव्हा डागर घराण्याच्या ध्रुपद गायनातली आलापी ऐकायला लागलो. तिथे ठेकाच नाही. सम मोजायची नाही, गायकाच्या पुढच्या जागेवर डोळा ठेवायचा नाही. ओळखीची बंदिश लागली की माझी बोटं मांडीवर चालू होतात. इथे ती गप्प पडून होती. म्हणून नवं संगीत लागतं. पण रोखठोक यांचंही मला पटतं. आलापीने मन शांत झालं, मानधन एका रुपयाने वाढलं नाही. ते मला तोंड उघडून मागावं लागलं.

रोखठोक:
मोगराताई, हप्ता मलाही होता. गाणं बंद करा असं मी म्हणत नाही. बरं वाटायला लागलं की माणूस अर्ज करायचं पुढे ढकलतो. माझं तेच झालं, आणि ती वर्षं मला अजून सलतात.

चांदणीचौक:
रोखठोक, तुमचा मुद्दा लागला. तरी एक सांगतो. बसमध्ये नुसता बसायचो तेव्हा बायोडेटाची फाइल उघडायचंही त्राण नव्हतं. काल रात्री कोरा लावून ती उघडली. शेवटची नोंद २०१९ ची होती. पहिलं पान लिहून झालं आहे, दुसरं रविवारी लिहितो. दिवाळीपर्यंत मी इथे काही लिहिलं नाही तर मला नक्की विचारा.