शब्दचर्चा : प्रेमकथेत 'बांडगूळ' चालेल का?

पानगळ
एका ऐतिहासिक अद्भुतकथेचा अनुवाद करते आहे. काळ इ. स. ६०च्या आसपासचा, जागा मोना बेट, म्हणजे आजचं वेल्समधलं अँगलसी. रोमन सैन्यातला एक तरुण आणि ड्रुइडांमध्ये, म्हणजे केल्ट लोकांच्या पुरोहितांमध्ये, वाढलेली मुलगी यांचं चोरून जुळलेलं 'निषिद्ध प्रेम'. एका प्रसंगात ती त्याला ओकवरच्या मिसलटोची डहाळी देते. तिच्या लोकांच्या दृष्टीने हा धर्मद्रोह आहे. मिसलटो म्हणजे आपल्याकडचं बांडगूळ. पण 'तिने बांडगूळ त्याच्या ओंजळीत ठेवलं' असं लिहिलं की प्रसंग कोसळतो. मराठीत बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा माणूस. 'मिसलटो' ठेवावं तर नाताळची सजावट डोळ्यांसमोर येते. काय करू?

तिरफळ
बांडगूळच ठेवा. शिवी नंतर झाली, वनस्पती आधीची. आमच्या आजोळी आंब्यावरचं बांडगूळ दिसलं की ते ओढून पाडायला आजोबा आकडी काढायचे, पण उंबरावरच्याला हात लावू द्यायचे नाहीत, ते औषधाचं म्हणून. म्हणजे आपल्याकडेही या झाडाला मान होताच.
आपलं बांडगूळ शेंदरी नळीसारख्या फुलांचं, त्यांचं पांढऱ्या फळांचं, एवढा फरक आहे. जगायची रीत तीच. पक्षी फळ खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि ते तिथेच रुजतं. हिवाळ्यात ओकची पानं झडतात तेव्हा तो एक झुबका हिरवा राहतो. हे दोन ओळींत दाखवा, वाचक शब्दातला तिरस्कार विसरेल.

पोथीवाला
अमरकोशात 'वन्दा वृक्षादनी वृक्षरुहा' अशी नावं एकापाठोपाठ आली आहेत. 'वृक्षरुहा' घ्या. झाडावर वाढणारी. अर्थ चोख, नाद सुंदर, अपमानाचा वासही नाही. आपल्याकडे शब्द असताना उसनवारी कशाला?

वेताळटेकडी
पोथीवाले काका, 'वृक्षरुहा' वाचून ते झाड डोळ्यांपुढे किती जणांच्या येईल? बांडगूळ म्हटलं की शाळकरी मुलगाही मान वर करून फांदी दाखवेल. अनुवाद आजच्या वाचकासाठी असतो, कोशासाठी नाही.
आणि रोमन लेखक प्लिनीने केलेलं ड्रुइडांच्या विधीचं वर्णन कथेत असेल तर तिथेही जपा. तो म्हणतो, चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड झाडावर चढतो, सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापतो आणि खाली ते पांढऱ्या कापडात झेलतात. मग दोन पांढरे बैल बळी देतात. इथे 'कोयता' लिहिलंत तर ऊसतोड आठवेल.

तिरफळ
विळ्याने गवत कापतात हो. बांडगुळाचा बुंधा विळ्याने कापून बघा. आमच्याकडे कोयतीच लागते. तसं पाहिलं तर सोनं इतकं मऊ, की फांदी कापली जाणं कठीणच.

वेताळटेकडी
मूळ लॅटिनमध्ये 'फाल्क्स' आहे. त्यात विळा, कोयती, छाटणीची सुरी सगळं बसतं. सोन्याशी 'विळा'च शोभतो, चंद्रकोरीचा आकार त्यातच आहे.

शेवंतीची_वेणी
मुळात 'ड्रुइड' तसाच का ठेवता? माझे वडील सांगायचे की ड्रुइड म्हणजे द्रविड. इकडून गेलेले पुरोहित. वीस वर्षं पाठांतर, विद्या लिहून ठेवायची नाही, मेल्यावर आत्मा दुसऱ्या देहात जातो, हे सगळं सीझरनेच लिहिलं आहे. आणखी काय पुरावा हवा?

जुनं_दप्तर
ताई, वडिलांबद्दल आदर ठेवून सांगतो, ही व्युत्पत्ती टिकत नाही. 'द्रविड' हा द्रमिड, दमिळ या साखळीतला, तमिळशी जोडलेला शब्द. 'ड्रुइड' वेगळ्या घराण्यातला. त्याचा उत्तरार्ध आपल्या 'विद्'चा भाऊ मानतात, आणि पूर्वार्ध आपल्या द्रु, द्रुम, दारु यांच्या कुळातला. प्लिनीनेही ग्रीक 'द्रुस', म्हणजे ओक, याच्याशी तो जोडला होता. नातं आहे, पण ते हजारो वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजाचं. इकडून कोणी तिकडे गेलं म्हणून नव्हे.

पोथीवाला
मग 'द्रुविद' म्हणा! मूळ तेच, मराठीत रूप शुद्ध. महापौर हा शब्दही एकेकाळी नवाच होता.

वेताळटेकडी
महापौर रुजला कारण त्याची रोज गरज पडली. ड्रुइड मुलांना व्हिडिओ गेममधून आधीच माहीत आहे. माझी भाची दुसरीत आहे, तिला ड्रुइड कळतो. 'द्रुविद' वाचून ती मलाच अर्थ विचारेल.

पानगळ
ड्रुइड ठेवायचं मी ठरवलंच आहे. पण आता नवी अडचण: नायिकेला काय म्हणू? एका ठिकाणी 'ड्रुइडीण' लिहिलंय.

जुनं_दप्तर
ते लगेच बदला. पाटलीण पाटलाची बायको, गुरवीण गुरवाची. 'ड्रुइडीण' म्हटलं की वाचकाला ती कुणा ड्रुइडाची बायको वाटेल, आणि तुमची कथा अविवाहित मुलीच्या चोरट्या प्रेमाची न राहता परस्त्रीची होईल.

शेवंतीची_वेणी
जोगतीण कुणाची बायको असते? ती स्वतः देवीची असते. 'ईण'ला नवऱ्याची गरज नाही.

जुनं_दप्तर
जोगतीण मान्य. पण रोमनांच्या मोनावरच्या हल्ल्याचं वर्णन करताना रोमन इतिहासकार टॅसिटस दाखवतो त्या काळ्या वस्त्रातल्या, मशाली घेऊन धावणाऱ्या स्त्रिया आणि वेगळे उभे, आकाशाकडे हात उंचावून शाप देणारे ड्रुइड. स्त्रियांना तो ड्रुइड म्हणतच नाही. रोमन सेनापती सुइटोनिअस पौलिनसच्या सैनिकांनी नंतर त्यांची पवित्र वनं तोडली. (त्या वनांना कृपा करून 'देवराई' म्हणा, इतका नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेला मिळणार नाही.)

हिरवाचाफा
सगळे जण नावांवरून भांडताहेत, 'निषिद्ध प्रेम' या शब्दांकडे कुणी बघत नाही. निषिद्ध कुणी केलं? सम्राट ऑगस्टसने रोमन नागरिकांना ड्रुइडांच्या धर्मात भाग घ्यायची मनाई केली, पुढे सम्राट क्लॉडिअसने तो धर्मच मोडून काढला. बंदी होती ती धर्मावर. 'अश्वारूढ' नावाच्या वरच्या वर्गातल्या एका रोमनाला खटल्याच्या वेळी ड्रुइडांचं 'सापाचं अंडं' हा ताईत छातीशी बाळगला म्हणून क्लॉडिअसने ठार मारलं, असं प्लिनी सांगतो. त्या डहाळीचं मोल नायकाला किती पडू शकतं ते यावरून बघा!
लग्नाचं वेगळंच. सेवेतल्या सैनिकाला कायदेशीर लग्नच करता येत नसे, मुलगी कुठलीही असो. ही मनाई सम्राट सेप्टिमिअस सेव्हरसने इ. स. १९७च्या सुमारास उठवली असं मानतात. तोवर संसार होतेच, मुलंही होती, फक्त कायद्याच्या दृष्टीने ती बायको नव्हती. म्हणून त्याच्या बाजूने 'निषिद्ध' नको, 'बेकायदा' हवं. 'निषिद्ध' हा शब्द तिच्या बाजूचा आहे.

तिरफळ
हे फार चांगलं सांगितलंत. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सला रेजिना नावाच्या रोमनकाळातल्या स्त्रीचा स्मृतिशिला आहे ना? सीरियातल्या पाल्मायराच्या बारातेसने ब्रिटनमधल्या कॅटुव्हेलॉनी जमातीतल्या आपल्या मुक्त केलेल्या दासीला पत्नी म्हटलंय, आणि लॅटिनखाली स्वतःच्या लिपीत शोक केलाय.

पोथीवाला
'स्मृतिशिला' स्त्रीलिंगी आहे.

शेवंतीची_वेणी
'ईण'वर माझं समाधान झालेलं नाही. एका लॅटिन ग्रंथात गोष्ट आहे: डायोक्लेशन रोमचा सम्राट होण्याआधी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, एका स्त्रीने त्याचं भविष्य सांगितलं, रानडुक्कर मारशील तेव्हा सम्राट होशील म्हणून. तिथे 'ड्रुइड'चंच स्त्रीलिंगी रूप आहे, कुणाची बायको म्हणून नाही. मग मराठीतच का अडतंय?

जुनं_दप्तर
तो ग्रंथ उशिराचा आणि फारसा विश्वासार्ह नाही. मोनानंतर तीनशे वर्षांनी गॉलमधल्या भविष्य सांगणाऱ्या बाईला जे नाव दिलं, ते इ. स. ६०च्या मुलीला कसं लावणार?

शेवंतीची_वेणी
अद्भुतकथा आहे ती. लावता येईल.