जॅक काईल: ४६ मॅच, ७ ट्राय, मग एवढं कौतुक कशाचं?

स्क्रमवाला:
रग्बी अलीकडेच बघायला लागलोय. आयर्लंडचं जुनं काही वाचायला घेतलं की जॅक काईल आडवा येतोच, २००२ मध्ये आयरिश बोर्डाने त्याला त्यांचा आजवरचा सर्वोत्तम प्लेअर ठरवलं म्हणे. पण १९४७ ते ५८ एवढ्या वर्षांत आयर्लंडकडून ४६ मॅच आणि ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे नेऊन टेकवणं) फक्त ७? की नुसतं जुनं ते सोनं चाललंय?

आडवा_चेंडू:
राव तो फ्लायहाफ होता, म्हणजे मधून चाली रचणारा, कडेने पळून ट्राय टाकणारा विंगर नाही. आणि तेव्हाचे नियम बघ ना, कुठूनही किक मारून बॉल थेट टचमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेबाहेर, घालवता यायचा, शिवाय डिफेन्सला आजच्यासारखं स्क्रमच्या (दोन्हीकडचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून बॉलसाठी रेटारेटी करतात तो) शेवटच्या पायामागे थांबायची सक्ती नव्हती (ती साठच्या दशकात आली), म्हणजे बॉल हातात येतोय तोवर समोरचा फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) अंगावर आलेला असायचा, त्यातून जागा काढायची म्हणजे खायचं काम नाही. १९४८ चा ग्रँड स्लॅम (फाइव्ह नेशन्स चॅम्पियनशिपमधल्या सगळ्या मॅच जिंकणं) आयर्लंडचा पहिलाच, शेवटची मॅच बेलफास्टला रेव्हनहिलवर, वेल्सला ६-३ हरवलं. ट्रायला तेव्हा ३ च पॉइंट, त्यामुळे स्कोअर असलेच. पुढचा स्लॅम थेट २००९ ला!

टच_जज:
+१. त्यात १९५१ ची कार्डिफची मॅच धरा. वेल्सने त्यांचा फ्लायहाफ क्लिफ मॉर्गनला पहिल्यांदाच खेळवलं आणि समोर कोण तर काईल. काईलने ट्राय टाकला पण मॅच ३-३ सुटली आणि दुसरा स्लॅम तिथेच गेला, चॅम्पियनशिप मात्र मिळाली. मला स्वतःला मॉर्गन जास्त आवडतो, पण त्या दिवशी गुरू काईलच.

स्क्रमवाला:
ओके, ट्राय मोजणं बंद. पण तो डॉक्टरही होता ना? एवढं खेळून शिकला कधी?

आडवा_चेंडू:
पैसेच नव्हते रे रग्बीत, सगळे हौशी, त्यामुळे पोटापाण्याचं वेगळं बघावंच लागायचं. हा बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत मेडिकलला. १९५० ला लायन्सबरोबर (ब्रिटन-आयर्लंडची मिळून निवडक टीम) न्यूझीलंडला बोटीने गेला, काही महिने कॉलेज बाजूला. डनीडिनला पहिल्या टेस्टमध्ये ट्राय टाकला, ९-९ ड्रॉ, पुढच्या तिन्ही टेस्ट हरले तरी न्यूझीलंडवाले याचं नाव काढायचे. परत येऊन ५१ ला डॉक्टर झाला.

टच_जज:
आणि खेळ संपल्यावर कुठे गेला माहितीये? आधी इंडोनेशिया, मग झांबियात चिंगोला, तांब्याच्या खाणींचं गाव. तिथे सर्जन म्हणून तीसेक वर्षं काढली.  एवढं नाव असताना हे मला ४८ च्या स्लॅमपेक्षा भारी वाटतं.

स्क्रमवाला:
२००९ चा स्लॅम बघायला होता का मग?

टच_जज:
होता ना, कार्डिफलाच, स्टेडियममध्ये, ८३ व्या वर्षी. २०१४ ला गेला.