वुडबरीची ती गुप्त बैठक

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतल्या अँग्लिकन चर्चने, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या तिथल्या शाखेने, फक्त पाटी बदलून 'एपिस्कोपल' (बिशपांच्या अधिकाराखालचं) नाव घेतलं, असं कुणाला वाटेल. एवढं सोपं नव्हतं हो. कनेक्टिकटमधल्या वुडबरी या छोट्या गावाचंच बघा.

तिथल्या सेंट पॉल्स चर्चचे पाद्री जॉन रटगर्स मार्शल ज्या घरात राहत, त्याला आजही ग्लीब हाउस म्हणतात. ग्लीब म्हणजे पाद्र्याच्या निर्वाहासाठी चर्चने राखलेली जमीन. साधारण आपल्या देवस्थान इनामासारखी. २५ मार्च १७८३ रोजी या घरात दहा पाद्री गुपचूप जमले. गुपचूप, कारण स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाची बाजू घेतल्याचा शिक्का त्यांच्यातल्या अनेकांवर होता.

अडचण अशी, की बिशपशिवाय (म्हणजे पाद्र्यांच्या वरिष्ठ धर्मगुरूशिवाय) नवा पाद्री दीक्षित होत नाही आणि अमेरिकेत तोवर एकही अँग्लिकन बिशप नव्हता! म्हणून या बैठकीत बिशपपदासाठी पाद्री निवडले गेले. त्यातल्या जेरेमाया लीमिंग यांनी वयामुळे नकार दिला, म्हणून सॅम्युअल सीबरी लंडनला गेले. तिथे बिशप होण्यासाठी राजनिष्ठेची शपथ घेणं कायद्यानेच सक्तीचं होतं. आता स्वतंत्र देशाचा नागरिक ती कशी घेणार? अखेर स्कॉटलंडच्या बिशपांनी १४ नोव्हेंबर १७८४ रोजी अ‍ॅबर्डीनमध्ये त्यांना दीक्षा दिली. हे बिशप स्वतःच सरकारच्या मर्जीबाहेरचे, त्यामुळे शपथेचा प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे सीबरी स्वतः युद्धात पक्के राजनिष्ठ होते.

इंग्लंडने शपथेचा हा कायदा बदलला तो त्यानंतर, १७८६ मध्ये.