२००४ ची कॅमरी: फ्यूएल पंप घरी बदलावा का?

कॅन्टनहून

नमस्कार मिशिगनकर मंडळी,

माझी कॅमरी २००४ ची, चार सिलिंडरची. गेला महिनाभर हायवेवर रॅम्प चढताना ओढत नव्हती. कालपासून घरातच उभी आहे. सेल्फ जोरात बसतो, पण इंजिन पकडत नाही. बॅटरी नवीन आहे. मेकॅनिकने फोनवरच "पंप गेला" म्हणून सांगितलं आणि खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर नेला. मागची सीट उचलली की पंप हाताला लागतो असं कळलंय. पाने आहेत, मदतीला भाऊ आहे. बाहेर ऊन फार आहे, तेव्हा गराजमध्येच करावं म्हणते. कुणी केलंय का हे काम?

नोव्हायहून

अगं, काम तुला जमेल. पण गराजमध्ये अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. आपल्याकडे काही घरांत वॉटर हीटर गराजमध्ये किंवा त्याला लागूनच असतो आणि जुन्या हीटरची पायलट ज्योत खाली सतत पेटलेली असते. गाडी ढकलून ड्राइव्हवेवर घे, चारही दारं उघडी टाक, संध्याकाळी ऊन उतरल्यावर कर. पेट्रोलच्या आगीला चालणारा अग्निशामक हाताशी ठेव. गार्डन होजच्या पाण्यावर पेट्रोल तरंगतं आणि आग आणखी पसरते.

आता त्याआधीचं. पंपच गेलाय हे कशावरून? लोक म्हणतात, किल्ली ऑन केली की मागून दोन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. पुष्कळ गाड्यांत येतो, पण जुन्या टोयोटांमध्ये बहुधा सेल्फ मारल्याशिवाय पंप चालूच होत नाही. त्यामुळे आवाज आला नाही एवढ्यावर पंपाला दोष देऊ नकोस. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का बघ. काटा मेल्यासारखा पडून असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय का हे टिपणारा भाग) संशय घे, कारण इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळलं नाही तर तो पंपाला करंटच देत नाही. मग ईएफआयचा (पेट्रोल इंजेक्शनचा) फ्यूज आणि पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट जोडणारा स्विच, तपास.

हे सगळं ठीक असेल तर सीट उचल, खालची पत्र्याची झाकणी काढ. ती काळ्या चिकट पुट्टीने बसवलेली असते. पंपाचा कनेक्टर सोडव, वायरिंगच्या बाजूला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लाव आणि भावाला सेल्फ मारायला सांग. नुसत्या मीटरवर विसंबू नकोस. गंजलेल्या जोडावरही मीटर बारा दाखवतो, आणि भार आला की करंट पोचत नाही. लॅम्प लख्ख पेटला, पंपाचं अर्थिंगही चांगलं असलं, आणि कनेक्टर परत जोडून सेल्फ मारल्यावरही पंप मुका, तर पंप गेला. तेव्हाच नवीन मागव.

ट्रॉयहून

काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असू दे. झाकणीखाली वर्षानुवर्षांची माती आणि आपल्या मिशिगनच्या मिठाची पूड बसलेली असते. ती टाकी उघडण्याआधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढ. टाकी उघडल्यावर मात्र व्हॅक्यूम जवळ आणू नकोस, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. उजेडाला एलईडीचा दिवा घे. काचेचा बल्ब फुटला तर त्याची तापलेली तार पेट्रोलवर पडेल.

गाडी सुरूच होत नाही, त्यामुळे पाइपमधला दाब इंजिन चालवून घालवता येणार नाही. कनेक्टर काढून थोडा वेळ सेल्फ मार, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव. नळीच्या जोडाला जाड फडकं गुंडाळून सावकाश सोड, डोळ्यांना चष्मा हवाच. दाब ४४ ते ५० पीएसआयचा असतो, चिळकांडी थेट तोंडावर येते.

आणि बाकीच्यांसाठी, ज्यांच्या टोयोटा किंवा होंडा २०१० च्या दशकातल्या आहेत: २०२० पासून डेन्सो या कंपनीच्या पंपांवर मोठे रिकॉल झाले. आतला प्लॅस्टिकचा इम्पेलर (पेट्रोल ढकलणारं चाक) पेट्रोल शोषून फुगतो आणि अडकतो. एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या) साइटवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून बघा. गाडी त्यात असेल तर डीलरकडे पंप फुकट बदलून मिळतो. २००४ च्या गाडीला याचा उपयोग नाही.

कॅन्टनहून

काका, दादा, लॅम्प लख्ख पेटला! पंपच होता. नवीन आणला, सोबत जाळीही आहे. आज जुना बाहेर काढला. जुनी जाळी चहाच्या गाळणीसारखी काळी झाली होती. अडचण एकच. मोठं गोल रबरी सील काढल्यावर फुगलंय, खाचेत बसतच नाही. दाबून बसवू का? दुकानात वेगळं मिळेल म्हणतात, पण उद्या.

नोव्हायहून

उद्यापर्यंत थांब. पेट्रोलमध्ये भिजलेलं सील बाहेर निघालं की फुगतं, ते पुन्हा वापरायचं नसतं. तोवर पंप जागेवर ठेवून भोक नीट झाकून घे. गाडी बाहेरच राहू दे, आणि आसपास कुणी सिगारेट ओढणार नाही हे बघ.

नवीन सील लावताना कडेला थोडं पेट्रोल लाव, म्हणजे पिळा न पडता बसेल. पंप आत सोडताना फ्लोटची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्याची) दांडी वाकणार नाही याकडे लक्ष दे, नाहीतर पेट्रोलचा काटा कायम खोटं बोलेल. बोल्ट एकदम एका बाजूने आवळू नकोस, समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा. नळीचा जोड टक् असा आवाज होईपर्यंत ढकल आणि मग ओढून बघ.

गाडी सुरू झाली की लगेच सीट लावू नकोस. झाकणी उघडी ठेवूनच जवळच्या पेट्रोल पंपावर जा आणि टाकी पूर्ण भर. पाव टाकी असताना पेट्रोल सीलपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे गळती असली तरी कळत नाही. टाकी भरल्यावर, वळणावर पेट्रोल डुचमळलं की कळते. खिडक्या उघड्या ठेवून एक फेरी मार, मग सीलभोवती बोट फिरव. कोरडं निघालं तर झाकणीला नवीन पुट्टी लाव आणि सीट बसव. ओलं असेल तर बोल्ट आणखी आवळत बसू नकोस, गाडी बंद करून मला फोन कर, मी येतो.