टॅटिंग करणाऱ्यांनो, शटल आणि धागा कसा सांभाळता?

क्रोशावर भरपूर लिहून झालंय, टॅटिंगवाल्या, म्हणजे शटल या होडीसारख्या छोट्या फिरकीवर धागा गुंडाळून गाठींची लेस विणणाऱ्या, मात्र विखुरलेल्या आहेत. नमुने टाकाच, पण सामान कसं जपता तेही सांगा. सुरुवात मी करते. शटलचा धागा ओढल्यावर रिंग (टाक्यांचं गोल कडं) मिटली पाहिजे, त्यावर सगळं टॅटिंग उभं आहे. म्हणून गाठ बोटांवरच्या धाग्याची पडावी आणि शटलचा धागा तिच्यातून मोकळा सरकावा. नव्या मुलींना मी शटलवर लाल आणि हातावर पांढरा धागा देऊन आधी चेन (न मिटणारी टाक्यांची कमान) करायला लावते. टाके पांढरे दिसले की जमलं!

*

ताई, शटल गच्च भरू नका हेही शिकवा. धागा कडेबाहेर आला की मळतो आणि शटलची टोकं फाकतात. टोकं एकमेकांना टेकलेलीच हवीत.

*

अगदी! विणताना धाग्याला पीळ चढतो, तेव्हा मी शटल खाली लोंबकळत सोडते. गरगर फिरून ते आपोआप थांबतं. टोकं फाकलेली असली तर धागाच सुटत जातो.

*

मी रत्नागिरीची. पावसाळ्यात सुती धागा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडत नाही, बुरशीचे काळे ठिपके पडले की निघता निघत नाहीत. मलमलीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवते. शटलला धातूचा आकडा असेल तर तो पुसून वेगळा ठेवा, गंजाचा डाग पांढऱ्या धाग्याला लागतो.

*

लंडनला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात 18व्या शतकातली नॉटिंगची (दोऱ्याला ओळीने गाठी मारायच्या जुन्या कामाची) शटलं आहेत. आपल्यापेक्षा मोठी आणि टोकं उघडी, कारण धागा जाड असायचा. काय सुंदर कोरीवकाम!

*

रुमालाच्या कडेला मी 40 नंबरचा धागा घेते, टेबलमॅटला 20. आकडा वाढेल तसा धागा बारीक. पिको (टाक्यांमधले धाग्याचे छोटे फासे) एकसारखे यावेत म्हणून कार्डाची अरुंद पट्टी मधे धरते. विणलेली फुलं कोमट पाण्यात रिठ्याने धुऊन, ओली असतानाच टॉवेलवर एकेक पिको टाचणीने ताणून वाळवते. टाचण्या स्टेनलेसच्याच. गडद लाल कडा पांढऱ्या रुमालाला लावायची आहे, रंग उतरेल का?

*

विणण्याआधी हातभर धागा भिजवून पांढऱ्या कापडात दाबून बघा. कापड रंगलं तर तो गुंडा पांढऱ्याशेजारी नको.